नोड फोडण्याआधी चॅनलवरचा भार वाटा

हेडएंड_जळगाव
संध्याकाळी केबलचं नेट रडायला लागलं की एकच मागणी: नोड (गल्लीतली घरं जिला जोडलेली असतात ती फायबरची पेटी) फोडा, म्हणजे तिची घरं दोन पेट्यांत वाटा, नवीन फायबर ओढा. माझं म्हणणं, आधी डाउनस्ट्रीम (घराकडे येणाऱ्या) चॅनलवरचा भार नीट वाटलाय का ते बघा. 8 मेगाहर्ट्झचं एक चॅनल 256 क्वामवर (सिग्नलमध्ये डेटा भरायची एक पद्धत) साधारण 50 एमबीपीएस देतं. डॉक्सिस (केबलवरून नेट देण्याचं मानक) 3.0 चा मोडेम अशी अनेक चॅनल, समजा आठ, एकत्र बांधतो, जुना 2.0 वाला एकावरच बसतो. नवीन जोडणीत जे चॅनल आधी सापडेल ते तो धरतो आणि पुढेही तेच लक्षात ठेवतो. मग सीएमटीएसच्या (सगळे मोडेम सांभाळणारं आमच्याकडचं यंत्र) स्क्रीनवर एक चॅनल काठोकाठ, शेजारचं निम्मंही भरलेलं नाही. नुसती मोडेमची संख्या सारखी करूनही भागत नाही. एका घरात आजोबांचा एक फोन, दुसऱ्यात क्लासची दहा पोरं. वाटणी प्रत्यक्ष वापरावरच हवी.

साक्रीरोड_धुळे
दादा, हिशोब मांडा. साडेसातला आयपीएलची मॅच लागली, एचडीला घरटी 5 एमबीपीएस धरले तरी 80 घरांत तुमचे आठ चॅनलचे 400 संपले. सगळंच भरल्यावर वाटणार काय? एका नोडवर पाचशे घरं लटकवायची आणि लोकांना बॅलन्सिंग ऐकवायचं, ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

अमळनेरची_ताई
मी घरून शिकवते. मोडेम इकडून तिकडे हलवला की माझा वर्ग मध्येच तुटतो. त्याचं काय?

हेडएंड_जळगाव
ताई, मोडेम पुन्हा पहिल्यापासून नोंदणी करायला लागला तरच तुटतं. डॉक्सिसमध्ये नोंदणी न मोडता चॅनल बदलायची सोय आहे. फक्त काही जुने मोडेम तो आदेश नीट पाळत नाहीत, ते पहाटे हलवायचे.
धुळेकर भाऊ, आठही चॅनल भरली असतील तर नोड फोडावाच लागेल. पण भरली आहेत हे आधी दाखवा.

भुसावळ_लाइनमन
तुम्ही दोघंही मे महिना विसरलात. आमच्याकडे पारा 45 वर गेला की खांबावरची केबल जास्त सिग्नल खाते, त्यातही वरच्या फ्रिक्वेन्सीचा आधी. ॲम्प्लिफायर आपोआप गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) सांभाळणारा नसेल तर वरची चॅनल दुपारी चुका करायला लागतात. नुसता वापर बघून वाटणी लावली असेल तर ते चॅनल रिकामं दिसतं, आणि मोडेम नेमके तिथेच ढकलले जातात. स्क्रीनवर भार समान, घरात व्हिडिओ अडकलेला. 256 क्वामला एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) तीस डेसिबलच्या वर लागतो. तो भर दुपारी खांबावर मोजा, थंडीतले आकडे वहीत लिहून चालणार नाही.

साक्रीरोड_धुळे
मोजा, पण आकडे गिऱ्हाइकालाही दाखवा. रात्री आठ ते दहा, आठही चॅनलचा आलेख. त्यात एखादं धड चॅनल खरंच रिकामं निघालं तर मी नोडचा हट्ट सोडतो. तोवर नाही.