सीटकव्हरवर तडजोड करू नका

माहितीपत्रकात छापलेला क्रूझ कंट्रोल (गाडीचा वेग आपोआप ठरावीक ठेवणारी सोय) तुमच्या नव्या गाडीत नाही आणि डीलर त्याबदल्यात सीटकव्हर, मॅट फुकट देतोय, हे वाचून खरंच चीड आली. अजिबात घेऊ नका. आणि 'आता माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर तर मुळीच सही करू नका, पुढे तीच आडवी येते.

मागणी नेमकी ठेवा: एकतर कंपनीकडून वॉरंटीसह फीचर बसवून द्या, नाहीतर ते असलेल्या आणि नसलेल्या व्हेरियंटच्या ऑन-रोड किमतीतला फरक परत करा.

बुकिंगच्या वेळचं माहितीपत्रक, बुकिंग फॉर्म, व्हेरियंटचं नाव असलेलं बिल जपून ठेवा. वेबसाइटवरचा मजकूर बदलू शकतो, स्क्रीनशॉट आजच काढा. 'फीचर्समध्ये बदल होऊ शकतो' ही बारीक अक्षरातली ओळ ते दाखवतीलच. पैसे घेताना हा बदल मला सांगितला होता का, असं त्यांना लेखी विचारा.

दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात येते. आयोगाकडे तक्रार करायची मुदत दोन वर्षं, आणि दहा ते वीस लाखांच्या गाडीला तक्रारीची फी अवघी ४०० रुपये. डीलर आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करा, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवत बसतील.