संख्याशास्त्र आणि संभाव्यता : विनामूल्य साधनांत सुरुवात कोठून करावी?

प्रश्न

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून बारावीनंतर गणिताशी माझा संबंध सुटलेला आहे. नोकरीत विक्रीच्या आकडेवारीचे अहवाल करावे लागतात आणि सरासरी व टक्केवारी यांच्या पलीकडे जाण्याची गरज आता भासू लागली आहे. आंतरजालावर विनामूल्य अभ्यासक्रम इतके आहेत की निवड करण्यातच उत्साह संपतो. इंग्रजी वाचन जमते, व्याख्याने मात्र थांबवून थांबवून ऐकावी लागतात. कॅल्क्युलस जवळजवळ विसरलो आहे. अशा स्थितीत आधी संभाव्यता शिकावी की संख्याशास्त्र, आणि कोणत्या साधनावरून, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

वाचन जमत असेल तर व्याख्यानांच्या मागे न लागता ‘ओपनइंट्रो स्टॅटिस्टिक्स’ हे पुस्तक घ्यावे. ते पीडीएफ स्वरूपात मिळते. उतरवून घेताना ऐच्छिक किंमत विचारली जाते, ती शून्य ठेवली तरी चालते. त्याला बीजगणितापलीकडचे गणित लागत नाही आणि विषम क्रमांकाच्या सरावप्रश्नांची उत्तरे शेवटी दिलेली आहेत, ही स्वतःच्या बळावर शिकणाऱ्यासाठी मोठीच सोय आहे.

त्यातील मलेरियाच्या लशीचे उदाहरण मुद्दाम सांगतो. २० स्वयंसेवकांपैकी १४ जणांना लस दिली, ६ जणांना दिली नाही; पुढे लस घेतलेल्यांपैकी ५ जणांना आणि न घेतलेल्या सहाही जणांना संसर्ग झाला. फरक डोळ्यांत भरतो, पण माणसे वीसच, मग तो निव्वळ योगायोग कशावरून नसेल? यावर पुस्तक सूत्र पुढे करत नाही. ११ चिठ्ठ्यांवर ‘संसर्ग’ आणि ९ चिठ्ठ्यांवर ‘संसर्ग नाही’ असे लिहून, त्या मिसळून, १४ आणि ६ असे गट पुन्हा पुन्हा पाडायचे आणि एवढा फरक किती वेळा पडतो ते मोजायचे. परिकल्पना चाचणीचा, म्हणजे दिसणारा फरक योगायोगाने पडू शकतो का हे तपासण्याच्या पद्धतीचा, गाभा एवढाच आहे, आणि तो हातात चिठ्ठ्या असताना जसा समजतो तसा तक्ते पाहून समजत नाही. एखादी संकल्पना अडलीच तर तेवढ्यापुरते खान अकॅडमी हे विनामूल्य शिकवणीचे संकेतस्थळ पाहावे.

प्रतिसाद २

पुस्तकाबद्दल सहमत आहे, परंतु संभाव्यता मागे ठेवू नये. वरच्याच उदाहरणात लशीचा काहीही परिणाम नाही असे धरले, तर संसर्ग न झालेले नऊही जण लसवाल्या गटात येण्याची संभाव्यता थेट मोजता येते : १४ मधून ९ निवडण्याचे २,००२ प्रकार, २० मधून ९ निवडण्याचे १,६७,९६० प्रकार, म्हणजे सुमारे १.२ टक्के. चिठ्ठ्या मिसळून जे अंदाजे हाती येते, ते संयोगांच्या, म्हणजे निवडीच्या प्रकारांच्या, एका भागाकाराने नेमके मिळते. अकरावीचे संयोग एवढे कामाला येतात, म्हणून ते प्रकरण बालभारतीच्या विनामूल्य पीडीएफमधून उजळून घ्यावे.

त्यानंतर हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘स्टॅट ११०’ या संभाव्यतेच्या अभ्यासक्रमाची व्याख्याने यूट्यूबवर आहेत, आणि ती देणाऱ्या प्राध्यापकांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती व उत्तरांसह सरावप्रश्न विनामूल्य उपलब्ध आहेत. पहिल्या भागातील मोजणी आणि सशर्त संभाव्यता (एक घटना घडली असे धरून दुसरीची संभाव्यता) यांना कॅल्क्युलस लागत नाही. संतत वितरणे (उंची-वजनासारख्या, कोणतीही दशांश किंमत घेऊ शकणाऱ्या राशींची) आली की लागते. एमआयटी या अमेरिकी संस्थेचा १८.०५ क्रमांकाचा संभाव्यता व संख्याशास्त्राचा अभ्यासक्रमही उत्तम आहे, पण आपल्या सध्याच्या तयारीला तो जड जाईल.

प्रतिसाद ३

भारतीय साधनांचा उल्लेख राहून गेला, म्हणून लिहितो. इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर उपयोजित संख्याशास्त्राच्या पदविकेचे साहित्य आहे. ते दूरशिक्षणासाठीच लिहिलेले असल्याने शिक्षकाविना वाचता येते, मांडणी मात्र रुक्ष आहे. आयआयटींच्या एनपीटीईएल या उपक्रमाची व्याख्याने पाहण्यास शुल्क नाही. प्रमाणपत्रासाठीची परीक्षा सशुल्क असते. नोकरीत प्रमाणपत्राची अट नसेल तर त्या घाईत पडू नये, असे माझे मत आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. ओपनइंट्रोपासून सुरुवात करतो. एक शंका आहे : सरावासाठी एक्सेल पुरेल, की ‘आर’ ही संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा शिकावी लागेल? कार्यालयाच्या संगणकावर नवीन काही बसवण्याची परवानगी नाही.

प्रतिसाद १

पहिल्या काही प्रकरणांना एक्सेल पुरेल. चिठ्ठ्यांचा प्रयोग हजार वेळा करायचा झाला की ‘आर’ सोयीचे पडते. ते विनामूल्य आहे आणि ओपनइंट्रोची प्रात्यक्षिकेही त्यात दिलेली आहेत. संगणकावर काही न बसवता गूगल कोलॅब या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सेवेत रनटाइमचा (आज्ञा चालवणाऱ्या भाषेचा) प्रकार बदलून ‘आर’ निवडता येते. मात्र कार्यालयाची विक्रीची आकडेवारी तेथे चढवू नये. पुस्तकासोबत मिळणारे विदासंच सरावाला पुरेसे आहेत.