अगस्त्यकूडम ट्रेक: आईसोबत (वय ५४) जायचंय, झेपेल का?

कुडाळकर_मुलगी:
नमस्कार मंडळी, केरळातल्या अगस्त्यकूडमबद्दल विचारायचं होतं. मी पुण्यात नोकरी करते, आई कुडाळला असते आणि तिला डोंगराचं भयंकर वेड आहे, कळसूबाई झालाय, रतनगड झालाय, नारायणगडावर तर ती चहा पिऊन सहज जाऊन येते. आता कुठूनतरी व्हिडिओ बघून तिने डोक्यात घेतलंय की अगस्त्यकूडमलाच जायचं. उंची १८६८ मीटर म्हणजे कळसूबाईपेक्षा (१६४६) फार काही जास्त नाही असं तिचं म्हणणं, पण मी वाचलं की तीन दिवस लागतात, पूर्ण घनदाट जंगल, हत्ती, जळवा आणि वरती सतत धुकं, शेवटी दोराला धरून कातळ चढायचा. तिचा उजवा गुडघा उतरताना कधीकधी कुरकुर करतो, चढताना काही नाही. आणि अजून एक, पूर्वी बायकांना सोडत नसत म्हणे, आता सोडतात ना नक्की? परमिटचं काय असतं? कोणी जाऊन आलं असेल तर जरा सविस्तर सांगा प्लीज. जायचं तर तिला नीट घेऊन जायचंय, अर्ध्यातून परत आणायला लागलं तर तिला फार लागेल.

घाटवाट:
ताई, आधी उंचीचा आकडा बाजूला ठेवा. कळसूबाईला बारीतून निघालं की सकाळी चढून दुपारी खाली, संपला विषय. इथे बोणक्काडपासून अतिरुमला बेसकॅम्पपर्यंतच सुमारे चौदा-पंधरा किमी चाल आहे, तिथून माथा आणखी सहा किमी, आणि दुसऱ्या दिवशी माथा करून त्याच दिवशी कॅम्पवर परत यायचं, तिसऱ्या दिवशी परत ती लांबच लांब उतरण. म्हणजे दमवतो तो चढ नाही, लागोपाठ तीन दिवसांची पायपीट दमवते. आईंचा गुडघा उतरताना बोलतो असं तुम्ही लिहिलंत म्हणून सांगतो, खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी दुपारची आहे, माथ्यावरून ओल्या कातळावरून खाली येताना.

पहिल्या दिवसाची वाट मात्र फार सुंदर. बोणक्काड हा जुना ब्रिटिशांच्या काळातला चहाचा मळा, तिथल्या वनखात्याच्या चौकीवर कागद तपासतात, बॅगा उघडून बघतात. प्लॅस्टिक, दारू, सिगारेट काही चालत नाही आणि ते चांगलंच आहे. मग झाडीतून वाट, मध्ये ओढे ओलांडायचे, ओढ्याचं पाणी इतकं गार की बाटली बुडवली की बाहेरून घाम सुटतो बाटलीला. नंतर एक मोकळा गवताळ टप्पा लागतो, तिथे सावली नाही, तो उन्हं चढायच्या आत गाठा नाहीतर तिथेच निम्मी ताकद जाते. शेवटचा चढ उभा आहे आणि तो बरोब्बर माणूस थकला की येतो.

दुसरा दिवस वेगळ्याच जगातला. बोरूसारख्या बारीक बांबूच्या जाळ्या (तिकडे ईटा म्हणतात, हत्तींचं आवडतं खाणं) दोन्ही बाजूंनी अंगावर आलेल्या असतात, त्यातून चालताना पुढचा माणूस दहा पावलांवर असला तरी दिसत नाही, नुसता आवाज. म्हणून गाइड सांगतो गटाने चाला, बोलणं हळू. ते ऐकायचंच. वाटेत शेण ताजं असेल तर गाइड थांबवतो, वास घेतो, मग पुढे नेतो. मग पोंगलप्पारा नावाचा मोठा उघडा कातळ, तिथे बसून खाऊन घ्यायचं. त्यानंतर झाडं बुटकी होत जातात, खोडांवर शेवाळाचे जाड थर, हात ठेवला की बोटं आत रुततात. आणि मग दोराचे टप्पे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, थरांचा, त्यामुळे आपल्या पायाला पायऱ्या शोधायची सवय असते, खाच मिळते, कपार मिळते. दक्षिणेकडचा हा डोंगर लाव्ह्याचा नाही, फार जुना स्फटिकी खडक आहे, गुळगुळीत गोल पाठ असते त्याची. तिथे खाच शोधत बसायचं नाही, अख्खा तळवा टेकवायचा, वजन पायावर ठेवायचं आणि दोर फक्त तोल सावरायला धरायचा. हाताने स्वतःला ओढत वर जाणारे लोक परत येताना थरथरत असतात. बूट चांगल्या पकडीचे, आणि वापरलेले, नवे कोरे नकोत. काठी पोंगलप्पारापर्यंत वरदान आहे, दोराच्या टप्प्यावर ती बॅगेला बांधून टाका.

आईंना जमेल असं मला मनापासून वाटतं. रोज चालतात का त्या? चालत असतील तर आत्तापासून आठवड्यातून दोनदा जिने उतरायचा सराव करू दे, चढायचा नाही, उतरायचा. आणि गुडघ्याचं एकदा डॉक्टरला दाखवून घ्या, तसंही फिटनेस सर्टिफिकेट मागतात.

अबोली७२:
बायकांचं मी सांगते कारण मी स्वतः जाऊन आलेय. हो, सोडतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये केरळ हायकोर्टाने निकाल दिला की बाई आहे म्हणून ट्रेकला अडवता येणार नाही, आणि जानेवारी २०१९ च्या सीझनला धन्या सनल या संरक्षण खात्याच्या प्रवक्त्या पहिल्यांदा रीतसर परवानगीने माथ्यावर गेल्या. त्या वेळी तिथल्या काणी आदिवासींनी बोणक्काडला विरोध नोंदवला होता, माथ्यावरचे अगस्त्यमुनी त्यांचं दैवत आहे आणि त्यांच्यात बायका तिथे जात नाहीत. विरोध शांततेत होता, कोणाला अडवलं नाही.

मला विचाराल तर जायचा हक्क आहे आणि जावंच, पण वर गेल्यावर मूर्तीपाशी फोटोसाठी गळ्यात हात टाकून उभं राहणं वगैरे नको. लांबून नमस्कार केला तरी पोचतो. आमच्या गटातल्या बाया सगळ्या तशाच वागल्या आणि आमच्यासोबतचा काणी गाइड शेवटी इतका मोकळा झाला की उतरताना झाडं दाखवत दाखवत आणलं त्याने.

आईंसाठी अजून, कॅम्पवर डॉर्मिटरीत चटईवर झोपायचं आहे, रात्री थंडी बोचते, एक पातळ स्लीपिंग बॅग आणि कानटोपी घ्याच. जेवायला कॅन्टीन आहे, रात्री पेज आणि मुगाची उसळ, कुडाळच्या माणसाला घरचंच वाटेल. फोनला रेंज विसरा, घरी आधीच सांगून ठेवा.

पानगळ:
गाइडने आरोग्यपच्चा दाखवलं का ताई? मी वनस्पतीशास्त्र शिकवतो म्हणून या डोंगराचं नाव निघालं की राहवत नाही. १९८७ मध्ये काही शास्त्रज्ञ याच जंगलात काणी लोकांना सोबत घेऊन फिरत होते, शास्त्रज्ञ दमले आणि काणी मात्र एका रोपाची फळं खात ताजेतवाने चालत राहिले. ते रोप म्हणजे आरोग्यपच्चा (ट्रायकोपस झेलॅनिकस). त्यातून पुढे 'जीवनी' नावाचं औषध तयार झालं आणि परवाना फी आणि रॉयल्टीतला निम्मा वाटा काणी समाजाला द्यायचं ठरलं. आदिवासींच्या ज्ञानाचा मोबदला आदिवासींना, असं जगात फार कमी ठिकाणी झालं होतं तोवर, म्हणून अजूनही त्याचा अभ्यास होतो. पुढे अंमलबजावणीत अडचणी आल्याच, जंगलातून रोपं उपटून न्यायला लागले लोक, पण पाया चांगला होता.

त्यामुळे कुडाळकर ताई, तुम्ही गाइडला फक्त वाट दाखवणारा समजू नका. थोडं हळू चाला, विचारा. पॅफिओपेडिलम ड्रुरी हे पिवळं ऑर्किड फक्त या डोंगररांगेत उगवतं, चोरांनी ते जवळजवळ संपवलंय, दिसलं तरी जागा कोणाला सांगू नका आणि लोकेशनसकट फोटो टाकू नका, ही कळकळीची विनंती. नेय्यार, करमना आणि पलीकडे तमिळनाडूत जाणारी ताम्रपर्णी, तिन्ही नद्या इथल्याच. २०१६ पासून युनेस्कोच्या बायोस्फिअर (राखीव जीवावरण क्षेत्रांच्या) यादीत आहे हा भाग.

रानडुक्कर_नाही_रानमाणूस:
जळवांबद्दल कोणीच नाही बोललं. जानेवारीत पाऊस नसेल तर खूप कमी असतात, पण ईशान्य मोसमीचा पाऊस लांबला की ओढ्याकाठी असतातच. आंबोली-चोर्ल्यात पावसाळ्यात फिरलेल्या माणसाला काही विशेष नाही. लीच सॉक्स घाला, मीठाची पुरचुंडी जवळ ठेवा, चिकटली तर ओढून काढू नका, नखाने बाजूने सरकवा.

तमिळनाडूच्या बाजूने कोणी 'सोपी वाट आहे' म्हणून सांगेल, त्याच्या नादी लागू नका, तिकडे कलक्काड मुंडनथुराई व्याघ्र प्रकल्प आहे, तिकडून सोडत नाहीत.

कुडाळकर_मुलगी:
बाप रे, किती छान सांगितलंत सगळ्यांनी, आईला फोनवर वाचून दाखवलं, ती आरोग्यपच्चावर अडकलीय. घाटवाट दादा, ती रोज नेरूरच्या रस्त्याने चालते तासभर, जिन्यांचं आजपासून सुरू करते म्हणाली. एक विचारायचं राहिलं, धुक्यामुळे वर काहीच दिसलं नाही तर? तिला समुद्र दिसतो का बघायचंय वरून. आणि बुकिंग कसं करायचं?

घाटवाट:
धुक्याचं खरं सांगतो. समुद्र तिथून फार लांब नाही, दमट वारा सरळ येऊन डोंगरावर चढतो आणि गार होऊन ढग होतो, पलीकडून तमिळनाडूचाही वारा येतो, त्यामुळे माथ्यावर जानेवारीतही पाच मिनिटं उघडतं, पंधरा मिनिटं मिटतं. सकाळी जितक्या लवकर कॅम्पवरून सोडतील तितक्या लवकर निघा, म्हणजे वर थांबायला वेळ हातात राहतो. दाट धुक्यात दोराच्या टप्प्यावर गाइड थांबा म्हणाला तर थांबायचं, समुद्र दिसला नाही तरी चालेल. १८५० च्या दशकात त्रिवेंद्रमच्या वेधशाळेचे जॉन ब्राउन यांनी या माथ्यावर चुंबकत्वाच्या नोंदी घ्यायला वेधशाळा बांधली होती, त्या वाऱ्यापावसात लोक तिथे राहून काट्यांची टिपणं घेत होते, हे आठवलं की मला तरी तिथलं धुकं बघायलाच जावंसं वाटतं.

बुकिंग केरळ वनखात्याच्या साइटवर ऑनलाइन. मुख्य सीझन जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत, तारीख त्याआधी जाहीर होते आणि रोजच्या जागा मोजक्याच असल्याने उघडल्यावर भराभर संपतात, त्यामुळे दोघींची ओळखपत्रं स्कॅन करून तयार ठेवा. आठवड्याच्या मधले दिवस घ्या, शनिवार-रविवार नको.

कुडाळहून नेत्रावती सोयीची, त्रिवेंद्रमला दुसऱ्या दिवशी उतरता. तिथून वितुरामार्गे बोणक्काड साठेक किमी, बस आहे पण कमी, आदल्या रात्री वितुराला मुक्काम केलात तर सकाळी चौकीवर वेळेत पोचाल. आईंना एक दिवस पूर्ण आराम मिळू दे ट्रेनमधून उतरल्यावर, लगेच चालायला लावू नका.

अबोली७२:
आणि तिसऱ्या दिवशीची परतीची गाडी त्याच संध्याकाळची काढू नका हं, दुसऱ्या दिवशीची काढा. पाय भरून येतात.