मेक्सिकोत कार्टेलवाले एकमेकांनाच मारतात ना? मग साध्या माणसांचं काय?

कोथरूडकर_८८

मंडळी, प्रश्न जरा बाळबोध वाटेल पण विचारतोच. आमच्या टीममध्ये मेक्सिकोची एक मुलगी आहे, ग्वादालाहाराला बसते, रोज रात्री साडेआठला कॉल असतो, तिच्याकडे तेव्हा सकाळचे नऊ. गेल्या मंगळवारी ती उशिरा आली, सॉरी म्हणाली आणि आपण 'ट्रॅफिक लागलं' म्हणतो ना अगदी त्या सुरात म्हणाली की मामेभावाची पोस्टरं लावायला गेलो होतो, अकरा महिने झाले तो सापडत नाहीये. आम्ही चौघं गप्प. मॅनेजर ओके टेक केअर म्हणाला आणि बोर्ड शेअर केला. मी पण म्यूटवरच.

रात्री रूममेटला सांगितलं तर तो म्हणे अरे तिकडे कार्टेलवाले, म्हणजे ड्रग्ज विकणाऱ्या टोळ्या, एकमेकांना उडवतात, तो मामेभाऊ पण कशाततरी असणारच, उगाच कोण कोणाला उचलतंय. मला पटलं नाही पण खोडताही येईना, कारण मेक्सिको म्हणजे मला काय माहिती, तर वेबसिरीजमधले मिशीवाले आणि पिवळट ऊन. तिकडे राहिलेलं किंवा नीट माहिती असलेलं कोणी आहे का इथे? साध्या माणसाला या सगळ्याची नक्की झळ कशी लागते? आणि दुसरं म्हणजे तिच्याशी आता बोलू काय?

मक्याची_पोळी

आम्ही ग्वादालाहारात सहा वर्षं आहोत, नवऱ्याची नोकरी. आधी हे सांगते की इथे काही रोज उठून गोळ्या झाडत नाहीत कोणी. मुलं शाळेत जातात, रविवारी बाजार भरतो, शेजारीण मला निवडुंगाची भाजी शिकवते आणि मी तिला थालीपीठ. आणि त्याच रस्त्यावर खांबाखांबावर माणसांचे चेहरे चिकटवलेले असतात. नाव, वय, उंची, गोंदण कुठे आहे, शेवटचा दिसला तेव्हा अंगात काय होतं. पावसात शाई ओघळते, मग घरचं कोणीतरी येऊन नवा कागद लावतं. इथला एक मोठा चौक आहे, 'निन्योस एरोएस' म्हणजे बालवीरांचा, त्याला लोक आता बेपत्तांचा चौक म्हणतात. नवीन आले तेव्हा मी एकेक कागद थांबून वाचायचे. आता नाही वाचत, खोटं कशाला बोलू.

बेपत्तांच्या सरकारी यादीने मे २०२२ मध्ये १ लाखाचा आकडा ओलांडला, आता ती १ लाख २० हजारांच्याही वर गेलीये, आणि आमचं हालिस्को राज्य त्यात सगळ्यात पुढे. खून वेगळेच, २०१८ पासून सलग काही वर्षं वर्षाला ३० हजारांहून जास्त. आता खून घटलेत असं सरकार सांगतंय, पण खांबांवरची गर्दी काही घटलेली दिसत नाही.

आता रूममेटचं 'कशाततरी असणारच'. पोरं कशी जातात बघा. फेसबुकवर जाहिरात येते, सिक्युरिटी गार्ड पाहिजे, पगार जरा जास्तच, राहायची सोय, त्लाकेपाकेच्या बसस्टँडवर या, पुढे आमची गाडी नेईल. पोरगा आईला पोचलो म्हणून मेसेज करतो आणि त्यानंतर फोन बंद. कार्टेलला सतत माणसं लागतात, २०२३ मध्ये सायन्स या संशोधनाच्या साप्ताहिकात एक अभ्यास आला होता त्यात हिशोब मांडलाय की मेलेले आणि पकडलेले भरून काढायला यांना आठवड्याला निदान साडेतीनशे नवी माणसं घ्यावी लागतात. काही स्वतःहून जातात, नाही म्हणत नाही. बरीचशी अशी.

मार्च २०२५ मध्ये इथून तासाभरावर तेउचित्लानजवळच्या एका रांचावर, म्हणजे शेतवाडीवर, मुलं शोधणारे लोकच आत शिरले, आणि आत शेकडो बूट, बॅगा, कपड्यांचे ढीग, जळकी हाडं. गंमत (कसली गंमत) अशी की सहा महिने आधी त्याच जागी नॅशनल गार्डची, म्हणजे केंद्र सरकारच्या सुरक्षा दलाची, धाड पडून गेलेली, दहा जणांना पकडलेलं, आणि हे बूट तेव्हा कोणाला दिसले नव्हते! सरकार म्हणतं ते ट्रेनिंगचं ठिकाण होतं, माणसं जाळायच्या भट्टीचा पुरावा नाही. असेल. पण त्या आठवड्यात बायका फोनवर त्या ढिगाचे फोटो मोठे करकरून बघत होत्या, हा शर्ट माझ्या पोराचा का, ही बॅग त्याचीच का. आमच्या बिल्डिंगमध्ये झाडलोटीला येते ती बाईसुद्धा जिन्यात बसून तेच करत होती. तीन वर्षं येत होती ती आमच्याकडे, मी कधी विचारलंच नव्हतं.

या आया रविवारी टोप्या घालून, फावडी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन रानात जातात. टी-आकाराची लोखंडी सळई असते, ती जमिनीत ठोकायची, उपसायची आणि टोकाचा वास घ्यायचा. कुजल्याचा वास आला की तिथे खणायचं. जे काही हाताला लागेल त्याला 'तेसोरो' म्हणतात, म्हणजे धन. जाहीर सांगतात की आम्हाला गुन्हेगार नकोत, फक्त आमची मुलं द्या. तरी त्यांनाही मारतात. तामाउलिपास राज्यातल्या मिरियाम रोद्रिगेसने मुलीला नेणाऱ्यांचा स्वतः माग काढून एकेकाला पकडून दिलं होतं, तिला १० मे २०१७ ला घरासमोर गोळ्या घातल्या. १० मे म्हणजे मेक्सिकोतला मातृदिन.

खूप लांबलं. तिच्याशी बोलण्याबद्दल नंतर लिहिते, मुलाला आणायची वेळ झाली.

स्पष्टवक्ता

वाईट वाटतं हे सगळं वाचून, पण भावनेच्या भरात एक बाजू विसरायला नको. आगीशिवाय धूर निघत नाही. झटपट पैशाच्या नादाने जाणारे पण खूप असतात आणि मग आईबाप म्हणतात आमचा बाब्या गुणाचा. आणि सरकारने एकदाचं लष्कर घालून विषय संपवावा की, कोणी अडवलंय?

नाना_तासगाव

स्पष्टवक्ते, लष्कर घालून झालंय. डिसेंबर २००६ मध्ये काल्देरोन राष्ट्राध्यक्ष झाला आणि पंधरा दिवसांच्या आत त्याने साडेसहा हजार जवान मिचोआकान राज्यात धाडले. मरणाचे आकडे फुगले ते त्याच्यानंतरच. एक म्होरक्या मारला की टोळीची चार शकलं होतात, ती आपसात लढतात, आणि त्या चौघांकडं काही अमेरिकेत माल पोचवायची साखळी नसते, मग घराशेजारी जे सापडेल ते ओरबाडायचं.

आणि धूर-आगीचं म्हणाल तर हे ऐका. जानेवारी २०१० च्या शेवटी स्यूदाद हुआरेसमध्ये पोरं वाढदिवसाला जमली होती, बंदूकवाले घुसले, १५ जण गेले. काल्देरोन तेव्हा जपानमध्ये, तिथूनच बोलून मोकळा झाला की टोळ्यांचं आपसातलं दिसतंय. ती साधी शिकणारी पोरं निघाली. नंतर हा हुआरेसला आला तेव्हा लूस मारिया दाविला, जिची दोन्ही पोरं त्यात गेली, ती बाई भर सभेत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली माफ करा, मी काही तुम्हाला 'या' म्हणू शकत नाही. तुमचं ते धूर-आग वाक्य तिनं आधीच ऐकलंय एकदा, राष्ट्राध्यक्षाकडून.

मी द्राक्षवाला माणूस, त्यामुळे मला तिथल्या लिंबूवाल्यांचं जास्त लागतं. आमच्याकडं व्यापारी माल उचलून पैसे न देता पसार झाला तर आम्ही वर्षभर शिव्या देतो (मला दोनदा बुडवलंय, असो). तिथं मिचोआकानच्या आपात्सिंगान भागात लिंबाला किलोमागं कार्टेलचा हप्ता ठरलेला. त्याला म्हणतात 'कोब्रो दे पिसो', पिसो म्हणजे पायाखालची जमीन, थोडक्यात उभं राहायचे पैसे. बागवाल्याकडून घ्यायचे, पॅकहाऊसकडून घ्यायचे, आणि भाव पडला तरी हप्ता पडत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅकहाऊसवाल्यांनी वैतागून शटरच ओढली होती. बागेकडं जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर सुरुंग पेरतात, दुसऱ्या टोळीनं येऊ नये म्हणून, आणि त्यावर पाय कोणाचा पडतो तर तोडणीला निघालेल्या मजुराचा.

लोक गप्प बसले असंही नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये ला रुआना गावात इपोलितो मोरा नावाच्या लिंबू शेतकऱ्यानं गाववाल्यांना घेऊन बंदुका उचलल्या. २०१४ ला पोरगा मारला गेला त्याचा, आणि २०२३ ला तो स्वतः. बेर्नार्दो ब्राव्हो, लिंबूवाल्यांच्या संघटनेचा पुढारी, हप्त्याविरुद्ध उघड बोलायचा, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं प्रेत मिळालं. दोन आठवडेही झाले नाहीत तोवर १ नोव्हेंबरला उरुआपानच्या नगराध्यक्षाला, कार्लोस मान्सोला, भर चौकात मारला. त्यांच्याकडं मृतांचा सण असतो ना, पितरांसाठी मेणबत्त्या लावतात, त्या कार्यक्रमात. उरुआपान म्हणजे अव्होकाडोचं आगर.

आणि हे फक्त शेतीचं नाही. गेरेरो राज्याच्या राजधानीत, चिल्पान्सिंगोला, जून २०२२ मध्ये चिकनवाल्यांना मारायला लागले तर बाजारात कोंबडी मिळेना झाली. मिचोआकानच्या काही गावांत कार्टेलनं स्वतःचे इंटरनेटचे टॉवर उभे केले आणि महिना चार-पाचशे पेसो भरून आमचंच वायफाय घ्या नाहीतर जीव जाईल म्हणून धमकावलं, जानेवारी २०२४ मध्ये सरकारी वकिलांनीच सांगितलंय हे. आता यात ड्रग्ज कुठं आहे सांगा मला.

स्पष्टवक्ता

हुआरेसचं माहिती नव्हतं. वायफायचं तर अजिबातच नाही. लष्कराबद्दलचं माझं मत तेच आहे पण ठीक.

लोचा_ए_तारापूर

नानांना +१. थोडी भर घालतो, मी केमिकल लाइनमधला.

मेक्सिकोत कायदेशीर बंदूक घ्यायची तर लष्कराची दोन दुकानं आहेत अख्ख्या देशात, दोन! तिथे जाऊन कागदपत्रं देऊन रांगेत उभं राहायचं. आणि कार्टेलकडच्या बंदुका? सापडलेल्यांचा माग काढला तर साधारण ७० टक्के अमेरिकेतून आलेल्या निघतात, टेक्सास-ॲरिझोनाच्या दुकानांतून कोणीतरी आपल्या नावावर घेतो आणि खाली पाठवतो. मेक्सिको सरकारने २०२१ मध्ये अमेरिकन बंदूक कंपन्यांवर केस केली होती, जून २०२५ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकमताने उडवली. म्हणजे माल वर जातो, बंदुका खाली येतात आणि मधल्यांनी मरायचं.

आणि आपण फार लांब आहोत असं समजू नका. कार्टेलं आता जे फेंटानिल नावाचं जहाल ड्रग विकतात ते काही शेतात उगवत नाही, त्याला केमिकलं लागतात, ती मुख्यतः चीनमधून जातात, पण जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने सुरतच्या दोन कंपन्यांवरही खटला भरलाय, खोटी लेबलं लावून कच्चा माल अमेरिका आणि मेक्सिकोला पाठवल्याचा आरोप आहे. कोर्टात काय ठरायचं ते ठरेल. पण ड्रम भरणाऱ्या, स्टिकर लावणाऱ्या कामगाराला ते कुठे चाललंय हे माहिती असतं का, तर नसतं, मी स्वतः चार वर्षं डिस्पॅचला होतो, आम्ही फक्त बॅच नंबर बघायचो.

अवांतर: वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी शाळेत मक्यावर संशोधन करायचे, तिथला मोठा चित्रकार दिएगो रिव्हेराने भित्तिचित्रात रंगवलंय त्यांना. मक्याची पोळी हे नाव बघून आठवलं.

मक्याची_पोळी

खानखोजे! इथे कोणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही.

कोथरूडकर, तुमचा दुसरा प्रश्न. मी आधी चुका केल्यात म्हणून सांगते. 'मिळेल गं, काळजी करू नकोस' म्हणू नका. पोलिसांत गेलात का असंही विचारू नका, सगळे जातात. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०२२ मध्ये लिहिलंय की नोव्हेंबर २०२१ पर्यंत देशभरात बेपत्ता प्रकरणांत शिक्षा झाल्या होत्या ३६. छत्तीस. आणि बेवारस म्हणून पडलेले ओळख न पटलेले देह ५० हजारांवर. आमच्याच शहरात सप्टेंबर २०१८ मध्ये शवागार भरलं म्हणून अडीचशेहून जास्त मृतदेह फ्रीजवाल्या ट्रेलरमध्ये घालून या टोकाकडून त्या टोकाला हलवत होते, वास सुटला तेव्हा वस्तीतल्या लोकांनी बोंब मारली. ज्यांचा माणूस हरवलाय त्यांनी ती बातमी कशी वाचली असेल.

मुख्य म्हणजे त्याच्याबद्दल 'होता' म्हणू नका. तो मेलेला नाही आणि जिवंतही नाही, कागदावरसुद्धा. मृत्यूचा दाखला नाही म्हणजे बँकेतले पैसे अडकले, घराचा हप्ता चालू, मुलाच्या शाळेत बापाची सही कोण करणार. 'अनुपस्थितीचा दाखला' मिळायचा कायदा आहे २०१८ पासून, पण त्यालाही कोर्टाच्या चकरा. घरातलं कोणीतरी नोकरी सोडून फक्त हेच करत असतं, बहुतेक वेळा आई.

नाव विचारा त्याचं. बस. मी त्या झाडलोटीच्या बाईंना नाव विचारलं तेव्हा त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि फोनमधले फोटो दाखवत बसल्या, पाऊण तास. चहा गार झाला आमचा.

कोथरूडकर_८८

सगळ्यांचे आभार. काल कॉलला दहा मिनिटं आधी जॉइन झालो, ती होतीच. नाव विचारलं. ती आधी गप्प बसली, मला वाटलं चुकलंच, आणि मग बोलायला लागली ती थांबेचना, तो मोबाईल दुरुस्त करतो, लहानपणी हिची सायकल त्याने गटारात घातली होती, आईकडे दर रविवारी जेवायला येतो. मॅनेजर जॉइन झाला तरी ती वाक्य पूर्ण करून मगच थांबली. नंतर तिने पोस्टर पाठवलं. त्यात बुटाचं पण लिहिलंय, पांढरे, २७ नंबर. तिकडे सेंटीमीटरमध्ये मोजतात म्हणे, म्हणजे आपला आठ.

मक्याची_पोळी, ते पोस्टर तुम्हाला पाठवलं तर चालेल का? तुमच्या भागात लावता आलं तर.

मक्याची_पोळी

आधी तिला विचारा. ती हो म्हणाली तर पाठवा, आमच्या गेटवर आणि मुलाच्या शाळेसमोरच्या बेकरीत लावते, बेकरीवाली नाही म्हणत नाही. फक्त खाली घरच्यांचा फोन नंबर असेल तर तो झाकून सरकारी शोध आयोगाचा तेवढा ठेवा. घरच्यांच्या नंबरवर 'पोरगा आमच्याकडे आहे, पैसे पाठवा' असे खोटे फोन येतात, आणि आया पाठवतात.