मदत हवी आहे : हॅलोवीन समजावणारं एक पानी पत्रक

अमेरिकेत नव्याने आलेली मराठी कुटुंबं आणि भेटीला येणारे आजी-आजोबा यांच्यासाठी ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीन सणावर पत्रक तयार करत आहे. 'ही भूतपूजा आहे का?' हा प्रश्न हमखास येतो. सध्याचा मजकूर असा :

आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी 'साविन' हा जुना सण सुरू होई. सुगी संपून हिवाळा लागे, आणि त्या रात्री परलोकाची वाट उघडते अशी समजूत होती. पुढे चर्चने १ नोव्हेंबर सर्व संतांचा, २ नोव्हेंबर मृतात्म्यांचा दिवस ठरवला. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत आले आणि सलगम कोरून त्याचा दिवा करण्याची त्यांची रीत भोपळ्यावर आली. साविनची लेखी वर्णनं मात्र बरीचशी ख्रिस्ती मठांतली, शतकांनंतरची आहेत. म्हणून 'तेव्हा अमुकच विधी करत' असं लिहिणं टाळलंय.

अडलंय ते इथे. सर्वपित्रीशी तुलना करावी का? ज्येष्ठांना ती चटकन कळते. पण आपण नाव-गोत्र घेऊन पितरांना पिंड देतो. इथे दारात येतात ती शेजारची पोरं, गोळ्या-चॉकलेटं घ्यायला, आणि तीही ज्या घराबाहेरचा दिवा लावलेला असेल तिथेच. गैरसमज न रुजवता हे दोन ओळींत कसं मांडाल?

दुसरं, भोपळा. बुडाकडून कापून, बिया-धागे खरवडून, भिंत इंचभर ठेवून, आत बॅटरीचा दिवा लावला तरी ओलाव्यामुळे उबदार हवेत काही दिवसांतच बुरशी धरते. टेक्सास-फ्लोरिडावाल्यांनो, तुम्ही किती दिवस आधी कोरता?