एमएसचा नवीन अटॅक की उन्हाचा त्रास, कसं ओळखायचं? मदत हवी आहे

नमस्कार, धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. ती जळगावला असते, वय 33, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब होण्याचा आजार) 2021 मध्ये निघालं. सुरुवात डाव्या डोळ्याने झालेली, डोळा फिरवला की दुखायचा आणि लाल रंग विटका दिसायचा, आम्ही तर चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून गेलो होतो. पुढे एकदा कमरेखाली बधिरपणा आला, तेव्हा पाच दिवस स्टिरॉइडची सलाईन (मिथाइल प्रेडनिसोलोन, रोज 1 ग्रॅम) आणि दीडेक महिन्यात बरीच सावरली. आता डायमिथाइल फ्युमरेट (अटॅक कमी यावेत म्हणून रोज घ्यायचं औषध) चालू आहे, गोळी चुकवत नाही.

मागच्या आठवड्यापासून स्वयंपाक करून ओट्यापासून बाजूला झाली की तोच डोळा धुरकट होतो, डावा पाय ओढावा लागतो, चप्पल पायातून निसटते तरी तिला कळत नाही. कूलरपुढे अर्धा-पाऊण तास पडली की कमी होतं. मे महिना, जळगाव, 44-45 डिग्री, त्यामुळे ते समजू शकते. पण परवापासून उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या येतायत आणि त्या सकाळी गार वेळेलाही तशाच असतात, हे आधी कधीच नव्हतं. फोनवर म्हणाली, "ताई, हे उन्हाचं नाहीये गं, हे वेगळं आहे." तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की नवीन लक्षण आलं किंवा जुनं वाढलं आणि 24 तासांच्या वर टिकलं, ताप नाही, इन्फेक्शन नाही, तर अटॅक धरा. उन्हाने किंवा तापाने होतं ते जुन्या जखमी नसांमधून संदेश नीट जात नाहीत म्हणून, अंग गार झालं की उतरतं. ऐकायला सोपं आहे पण घरी बसून ठरवणं फार अवघड जातं. मागच्या वर्षी पाय जड झाले म्हणून युरिन न तपासताच एका ठिकाणी स्टिरॉइड चढवलं आणि नंतर कळलं लघवीचं इन्फेक्शन होतं. आठवडाभर झोप नाही, शुगर वाढली, सारखी रडायची. आता सलाईनचं नाव काढलं तरी घाबरते, आणि सासरी म्हणतात उन्हाळ्यात थकवा सगळ्यांनाच येतो.

न्यूरॉलॉजिस्ट पुण्यात आहेत, अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारी. तोवर थांबू का? सलाईन लागलीच तर जळगावात घेता येईल का? ज्यांच्या घरी हे आहे त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, मला स्वतःला 12 वर्षं एमएस आहे, मी नागपूरची, त्यामुळे उन्हाचं मला सांगूच नका. गुरुवारपर्यंत थांबू नका, आजच डॉक्टरांना फोन करा आणि मुंग्या कधी सुरू झाल्या ते तारीख-वेळेसकट सांगा. इन्फेक्शन नाही ना ते बघायला युरिन रुटीन, कल्चर आणि सीबीसी (रक्ताची तपासणी) जळगावातच करून घ्या. नजर आणखी गेली, पायातली ताकद गेली किंवा लघवी अडकली तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. बहिणीला एक नक्की सांगा, अटॅक म्हणजे सलाईन आलीच असं नाही. स्टिरॉइडने अटॅक लवकर ओसरतो, शेवटी किती भरून येणार ते त्याने बदलत नाही, म्हणून नुसत्या मुंग्या असतील तर माझे डॉक्टर बरेचदा देत नाहीत. तरी कळवायचं, कारण गोळी चालू असताना अटॅक आला तर औषध बदलायचं का ते बघावं लागतं. दिलीच सलाईन तर सकाळी घ्या, झोपेला बरं पडतं, डॉक्टरांनी होकार दिला तर ती जवळच्या हॉस्पिटलातही होते. स्वयंपाक सकाळी सातच्या आत उरकायचा, मानेवर ओला पंचा, आणि पुण्याला यायचं तर रात्रीच्या गाडीने.

मूळ लेखिका:
खूप आभार. युरिन क्लिअर आली. डॉक्टरांशी बोलणं झालं, अटॅक असू शकतो म्हणाले, सोमवारी एमआरआय आणि मग औषधाचं ठरवणार, सलाईन तूर्त नाही. हे ऐकून ती काल पहिल्यांदा नीट जेवली. आता मशीनमध्ये तिला गुदमरतं, मागच्या वेळी अर्ध्यातून बाहेर काढावं लागलं होतं, त्यासाठी कोणी काय करता?