मदत हवी आहे: रेडिएटरचा पंखा थांबत नाही, एसी लागत नाही, तापलेली गाडी चालू होत नाही

खोर्लीकर
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. चावी फिरवली की रेडिएटरचा पंखा सुरू होतो तो थांबतच नाही. सकाळी इंजिन थंडगार असतानाही तेच. एसी लागत नाही. तापलेली गाडी बंद केली की परत चालू व्हायला कितीतरी वेळ स्टार्टर मारावा लागतो आणि चालू झाली की मागून काळा धूर. गॅरेजवाल्याने पंख्याची रिले (पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच) बदलली, फरक शून्य. आता तो म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं सील) गेलंय, इंजिन उघडावं लागेल. शनिवारी आईला घेऊन चोर्ला घाटातून बेळगावला जायचंय, डॉक्टरची वेळ ठरलेली आहे. नक्की काय बदलायचं ते सरळ सांगा.

घाटवाट
गाडी कुठली, साल कुठलं, पेट्रोल की डिझेल? चेक इंजिनचा दिवा लागलाय का? तापमानाचा काटा कुठे असतो? कूलंट (इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) कमी होतंय का? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

खोर्लीकर
कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मागच्या वेळी सगळा धागा त्यावरच्या भांडणात गेला. २०१२ ची हॅचबॅक, बाराशे सीसी, पेट्रोल. दिवा लागलेला आहे, पण पंख्याशी त्याचा काय संबंध? मला पंखा बंद करायचा आहे.

कुळागर
थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे अडवणारी झडप) काढून टाका आणि मोकळे व्हा. आपल्या गोव्यात थंडी पडते कुठे? माझ्या गाडीत कित्येक वर्षं थर्मोस्टॅट नाही, कधी तापली नाही.

मीटरवाला
कुळागरबाब, हा सल्ला देऊ नका. थर्मोस्टॅट काढला की पाणी सारखं रेडिएटरमधून फिरत राहतं आणि इंजिन आपल्या नेहमीच्या तापमानाला पोचायला फार वेळ लागतो. तोवर गाडीचा कॉम्प्युटर थंड इंजिन समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो. इंजिनची झीज वाढते ती वेगळीच. यांची तक्रार काळ्या धुराची आहे, तीत तुम्ही भर घालताय.

कुळागर
पुस्तकातलं ज्ञान. माझी गाडी येऊन बघा.

मीटरवाला
तुमची गाडी चालते याचा आनंद आहे. पण त्यांच्या पंख्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.
खोर्लीकर, दिव्याचा संबंध आहे आणि थेट आहे. दिव्यामागचा बिघाडाचा कोड वाचल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका. ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारा, ब्लूटूथवाला डबा कोणाकडे तरी मिळेल. स्टिअरिंगखाली सॉकेट असतं, मोबाईलवर कोड दिसतो. आणि घाटवाटने काट्याचं विचारलंय, त्याचं उत्तर द्या.

घाटवाट
हेड गॅस्केट गेलं असतं तर कूलंट घटलं असतं, पांढरा धूर आला असता, कधीकधी ऑइल दुधाळ होतं. काळा धूर म्हणजे न जळलेलं पेट्रोल. एवढ्यावर इंजिन उघडू देऊ नका.

अबोली
मध्येच विचारते. कूलंट हिरवं घालावं की लाल? आमच्या पेट्रोलपंपावर दोन्ही ठेवतात.

घाटवाट
रंगावर जाऊ नका ताई. प्रत्येक कंपनीचा रंग आपापला असतो. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तोच घ्यायचा, दोन प्रकार एकत्र करायचे नाहीत आणि विहिरीचं पाणी तर अजिबात घालायचं नाही.

खोर्लीकर
शेजाऱ्याकडे तो डबा मिळाला. कोड पी०११८. काटा तळाशीच असतो, गाडी कितीही चालवा, हलत नाही. कूलंट बरोबर आहे. आणि मोबाईलवर कूलंटचं तापमान उणे ४० दाखवतोय! म्हापशात उणे ४०! डबाच खराब आहे का?

मीटरवाला
डबा ठीक आहे. या उणे ४० नेच खरी गोष्ट सांगितली.
कूलंटचा सेन्सर म्हणजे तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर. थंड असताना त्याचा रोध जास्त, तापला की कमी. कॉम्प्युटर त्याला पाच व्होल्टची लाइन देतो आणि व्होल्टेज किती पडलं यावरून तापमान ठरवतो. सर्किट कुठेतरी तुटलं की त्याला रोध अनंत दिसतो, म्हणून आकडा खाली तळाला जातो. पी०११८ चा अर्थ तोच, इनपुट (लाइनवरचं व्होल्टेज) जास्त. सर्किट शॉर्ट असतं तर पी०११७ आला असता आणि तापमान भलतंच जास्त दिसलं असतं.
सेन्सरवर भरवसा राहिला नाही की इंजिन तापू नये म्हणून कॉम्प्युटर पंखा कायम चालू ठेवतो आणि एसी तोडतो. इंजिन किती तापलंय हेच कळत नसल्यामुळे पेट्रोलचा अंदाजही चुकतो, त्यातून धूर आणि गरम स्टार्टचा त्रास. सगळ्या तक्रारी एका जागी येऊन मिळतात.
पण अजून सेन्सर आणू नका. तुटलेलं सर्किट सेन्सरच्या आत असेल किंवा वायरीत असेल.

सर्किट
कशाला एवढं? दोन-तीनशे ओहमचा साधा रेझिस्टर प्लगमध्ये खोचा. कॉम्प्युटरला ८० अंश दिसतील, पंखा थांबेल, धूर थांबेल. पाच रुपयांचं काम.

मीटरवाला
हे कृपा करून कोणी करू नका. मग कॉम्प्युटरला जन्मभर ८० च दिसणार. चोर्ल्याच्या चढावर इंजिन खरोखर तापलं तरी पंखा लागणार नाही, काटा हलणार नाही, दिवाही लागणार नाही. आईला घेऊन जाणाऱ्या माणसाला असा सल्ला?

सर्किट
तात्पुरतं म्हणालो होतो.

डिचोलीवाला
घाटाचा विषय निघालाच आहे तर, केरीच्या पुढे पावसाळ्यानंतर रस्ता कसा आहे? की अनमोडने जावं?

घाटवाट
डिचोलीवाले, त्यासाठी वेगळा धागा काढा.
खोर्लीकर, गाडी कुठे उभी करता? माझ्या गाडीत हाच कोड आला होता आणि वायर उंदराने कुरतडली होती. माडाखाली, झाडीत गाडी असेल तर आधी वायरिंग बघा.

खोर्लीकर
माडाखालीच असते. पण उंदीर शोधत बसायला वेळ नाही. सेन्सर असतो कुठे आणि तपासायचा कसा ते सांगा.

मीटरवाला
बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर किंवा हेडच्या टोकाला, जिथून जाडा पाण्याचा पाइप निघतो तिथे. दोन पिनांचा छोटा प्लग. काही जुन्या गाड्यांत काट्यासाठी एका वायरचा वेगळा सेन्सर असतो, त्याला हात लावू नका. तुमचा काटाही मेलेला आहे, म्हणजे दोन्हीला एकच सेन्सर दिसतो.
इंजिन थंड असताना प्लग काढा, आत नीट बघा. समुद्राच्या हवेने पिनांवर हिरवा गंज चढतो, तो असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. मग वायरीकडच्या प्लगच्या दोन पिना छोट्या वायरीने एकमेकींना जोडा, इंजिन चालू न करता चावी ऑन करा आणि मोबाईल बघा. आकडा उणे ४० वरून एकदम शंभराच्या वर गेला तर वायरिंग आणि कॉम्प्युटर दोन्ही धड आहेत. हलला नाही तर सेन्सर बदलून उपयोग नाही, वायर शोधा.
नंतर सेन्सरच्या पिनांवर मल्टिमीटर. २० अंशाला साधारण दोन ते तीन हजार ओहम असतात, ८० ला तीनशेच्या आसपास. आपल्या हवेत थंड इंजिनवर दीड-दोन हजार दिसावेत. गाडीप्रमाणे थोडा फरक पडतो.

पेन्शनर
२०१२ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षं भरत आली. आता फिटनेस, नवं रजिस्ट्रेशन, सगळा खर्च. विकून टाका.

खोर्लीकर
काका, शनिवारी बेळगावला जायला गाडी लागते. विकायचं नंतर.
पिना स्वच्छ आहेत. प्लगच्या पिना जोडल्यावर आकडा एकदम १३० च्या वर गेला. सेन्सरवर मीटर काहीच दाखवत नाही, ओपन.

मीटरवाला
मग सेन्सरच मेला. गॅस्केट वगैरे विसरा.
जुन्यावरचा पार्ट नंबर बघून तोच आणा आणि बसवण्याआधी मोजून बघा. वाटीत कढत पाणी घ्या, सेन्सरचं पितळी टोक बुडवा, मीटरवरचा आकडा भराभर उतरला पाहिजे. दुकानदारासमोरच केलंत तर उत्तम, नकली माल तिथेच परत देता येतो.
बदलताना इंजिन पूर्ण थंड हवं. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, यात घाई नको. झाकण एकदा सैल करून दाब सोडा, परत लावा, म्हणजे पाणी कमी सांडतं. खाली घमेलं ठेवा, कूलंट गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांना विषारी असतं. नवा सेन्सर हातात तयार ठेवा, जुना काढला की लगेच लावा. वॉशर किंवा ओरिंग नवीच. हाताने आटे बसवा, मग पान्याने बेताने आवळा, हाउसिंग ॲल्युमिनियमचं किंवा प्लास्टिकचं असतं.

घाटवाट
आणि हवा काढायला विसरू नका. कूलंट भरून हीटर पूर्ण गरमवर ठेवा, गाडी चालू ठेवा, वरचा पाइप तापून पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत थांबा. थंड झाल्यावर लेव्हल परत भरा. सेन्सरच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला तर नवा सेन्सरही चुकीचं सांगेल.

कुळागर
त्याच हाउसिंगमध्ये थर्मोस्टॅट आहे, हात घालताय तर काढूनच...

मीटरवाला
नको.

खोर्लीकर
झालं. दुसऱ्या फिटरकडे समोर उभं राहून करून घेतलं. नवा सेन्सर आधी चहाच्या टोपात बुडवून बघितला, मीटरवरचा आकडा डोळ्यांदेखत उतरत गेला. बसवल्यावर मोबाईलवर सुरुवातीला ३१, मग चढत चढत ८८. पंखा लागला आणि आपोआप बंद झाला. एसी चालू, काटा मध्यावर. कोड पुसला, पर्वरीपर्यंत जाऊन आलो, परत आला नाही. तापलेली गाडी बंद करून लगेच चालू केली, पहिल्या सेल्फला घेतली. मीटरवाले, घाटवाट, मनापासून आभार. इंजिन उघडायला निघालेल्या गॅरेजात आता परत जाणार नाही.

मीटरवाला
छान. एक काम राहिलं: स्पार्क प्लग काढून बघा, एवढे दिवस जादा पेट्रोल गेलंय, काजळी धरली असेल. घाटात जाण्याआधी साफ करा. आणि शनिवारी सकाळी निघण्यापूर्वी थंड इंजिनवर कूलंटची लेव्हल बघा.

अबोली
आमच्या डिझेलचा पंखासुद्धा सारखा चालतो. हाच सेन्सर असेल का?

घाटवाट
ताई, नवा धागा काढा. साल, मॉडेल आणि कोड पहिल्याच ओळीत लिहा.